ताग बरा की शेवाळ?

युरियाने पीक हिरवे होते, पण पोत्याबरोबर उधारीही घरात येते. हवेतला नत्र फुकट जमिनीत आणणारे दोन सोबती आपल्याकडे आहेत. त्यांची आज आपण तुलना करू.

ताग : पिवळ्या फुलांच्या या झाडाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र धरतात. मृगाच्या पावसावर एकरी २० ते २५ किलो बी पेरावे. दीड महिन्याने फुले येऊ लागताच नांगरून गाडावा. उशीर झाला तर खोडात वाख धरतो व ते लवकर कुजत नाही. एकरी ६ टन हिरवा ताग गाडल्यास सुमारे २५ किलो नत्र मिळतो, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या पोत्याहून थोडा अधिकच. माती भुसभुशीत होते, हा वेगळा लाभ.

निळे-हिरवे शेवाळ : याला मूळ नाही, फूल नाही. शास्त्रज्ञ आज त्याला जिवाणूंतच गणतात. भातखाचरात ते नत्र वाढवते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी एकरी ४ किलो सुके शेवाळ साचलेल्या पाण्यावर फेकावे. पाणी आटू देऊ नये. सुपर फॉस्फेट त्याला मानवते. युरिया जास्त झाला तर मात्र ते काम सोडते. एकरी ८ ते १२ किलो नत्र मिळतो. ताग जास्त देतो, पण दीड महिना रान अडवतो. शेवाळ भाताबरोबरच वाढते.

मग निवड कशी करावी? खानापूर-बेळगावच्या भातखाचरांत शेवाळ चालेल. पेरभात असल्यास पाणी साचेपर्यंत थांबावे. निपाणीकडच्या काळ्या रानात पाणी साचत नाही, तेथे तागच घ्यावा. तंबाखूच्या लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे तो गाडलेला असावा.

दक्षता : तागाचे बी जनावरांना विषारी असते, ते चारू नये. तळ्यावर हिरव्या रंगासारखी साय आली तर ते पाणी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये. काही शेवाळांचे विष उकळूनही जात नाही.

आमचे सांगणे एवढेच, की यंदा दहा गुंठ्यांत करून पाहा, शेजारचा तुकडा नेहमीसारखा ठेवा आणि मळणीला दोन्हींचे माप घ्या. देवाने मनुष्याला बाग मशागतीसाठी दिली तशी राखण्यासाठीही दिली, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मशागत आपण करतोच, जमीन राखणेही आपलेच काम आहे.