चार नंबरचं मिसिंग

भाद्रपद जवळ आला की ह्यूस्टनमध्ये पिकअप बाळगणाऱ्या मराठी माणसाला अचानक भाव येतो. मखराच्या प्लायवूडच्या फळ्या, ढोल, घडीच्या खुर्च्या, सगळं कुणाच्या तरी हौद्यातूनच न्यायचं असतं. अशाच एका गृहस्थांकडे 2001 सालची फोर्ड एफ-150 आहे, 5.4 लिटरच्या ट्रायटन व्ही-8 इंजिनाची. सामान लादून फ्रीवेवर चढताना ती ताशी पन्नास मैलांच्या आसपास थरथरायला लागली. गिअरबॉक्स गेला, असंच त्यांना वाटलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबल्यावर लुकलुकू लागला.

गिअरबॉक्सची शंका या गाड्यांच्या बऱ्याच मालकांना येते, आणि तिला कारणही आहे. त्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो आणि इंजिन कमी आरपीएमवर जास्त ओझं ओढू लागतं. अशा वेळी आठांतला एक सिलिंडर पेटला नाही तर त्याचा झटका सगळ्या गाडीला बसतो. आपल्याकडे मेकॅनिक याला सरळ ‘मिसिंग मारतेय’ म्हणतात. गिअरबॉक्सच्या तेलावर पैसे घालण्याआधी कोड वाचून घेणं स्वस्त पडतं.

दिव्याचंही नीट पाहायला हवं. तो नुसता लागून राहिला तर घरापर्यंत सावकाश जाता येतं. लुकलुकत असेल तर मात्र न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. कन्व्हर्टर आतून वितळला की खर्चाचा आकडा कॉइलच्या कितीतरी पट होतो. पाय हलका करायचा, ओझं असेल तर उतरवायचं आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला लावायची.

1996 पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक कारला आणि हलक्या ट्रकला स्टिअरिंगखाली 16 पिनांचं एकसारखं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की कोड मिळतो. सुट्या भागांची मोठी दुकानं हे काम फुकट करून देतात आणि कागदाचा चिटोराही हातात ठेवतात. या गृहस्थांच्या चिटोऱ्यावर पी0304 होतं, म्हणजे चार नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. काउंटरवरच्या पोराने कागद देतादेताच कॉइलची किंमतही सांगितली. विक्रेता तो, सांगणारच.

पुढचं सगळं अनेकांच्या परिचयाचं. जवळच्या एका गॅरेजने चार नंबरची कॉइल बदलली, कोड पुसला, बिल घेतलं. थोडे दिवस बरे गेले. मग पावसाची एक जोरदार सर येऊन गेली आणि तोच दिवा, तोच कोड. आता गॅरेजचं म्हणणं, जुन्या गाडीच्या आठही कॉइली एकदम बदला, कटकट नको. इथे मात्र गृहस्थांनी गाडी घरी आणली आणि स्वतः बोनेट उघडलं.

मुळात गाडीच्या कॉम्प्युटरला ठिणगी दिसत नाही. तो क्रँकशाफ्टजवळच्या सेन्सरवरून शाफ्टच्या फिरण्याची लय मोजत असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला हलका धक्का मिळतो. एखादा धक्का आला नाही की त्या क्षणी वेग किंचित पडतो. कुणाच्या वाट्याचा धक्का चुकला एवढंच त्यावरून कळतं. ढोल पथकात एक ठोका गळाला तर लांबून ऐकणाऱ्याला तो कळतो. पण टिपरू मोडलं, पान फाटलं की वादकाचा हात भरून आला, हे जवळ जाऊनच पाहावं लागतं. पी0304 मागे कॉइल असू शकते, तसाच प्लग, इंजेक्टर, प्लगच्या खोबणीतलं पाणी, गळका व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन गेलेला सिलिंडरही असू शकतो.

पी0351 ते पी0358 हे कोड वेगळे. ते कॉइलच्या विजेच्या सर्किटबद्दल बोलतात: तुटलेली वायर, सैल कनेक्टर, आतून शॉर्ट झालेली कॉइल, क्वचित कॉम्प्युटरच्या आतला तिला चालवणारा ड्रायव्हर. हा कोड आला असेल तर वायरिंग आणि कॉइलपासून सुरुवात करणं रास्त. त्यात सिलिंडर आकड्याने नव्हे, ए ते एच अशा अक्षरांनी सांगितलेले असतात आणि कुठलं अक्षर कुठल्या सिलिंडरचं हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलात पाहिल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. पी0335 आणि पी0340 हे क्रँक आणि कॅम सेन्सरच्या सर्किटचे. पी0300 आला तर मिसिंग एका सिलिंडरचं नाही. तेव्हा एकेक प्लग उपसत बसण्यापेक्षा व्हॅक्यूमची गळती, इंधनाचा दाब अशी सगळ्यांना सामाईक कारणं आधी बघावीत.

गॅरेजने कोड पुसला तेव्हा त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली गेली, आणि याची हळहळ गृहस्थांना अजून आहे. बिघाड नोंदवला जातो त्या क्षणाचे आकडे कॉम्प्युटर साठवून ठेवतो: आरपीएम, वेग, इंजिनवरचा भार, कूलंटचं तापमान. साधा स्कॅनरही ते दाखवतो, फक्त कुणी पाहत नाही. दुसऱ्यांदा कोड आला तेव्हा त्यांनी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. इंजिन पूर्ण तापलेलं, वेग पन्नासच्या आत, भार भरपूर. उभ्या गाडीत इंजिन अगदी सुतासारखं चालत होतं. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखालच्या हवेतून प्लगच्या फटीवर ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल ते द्यायला तयार असते. पण कुठे इन्सुलेशन कच्चं असेल तर वीज फटीऐवजी तो सोपा रस्ता धरते. भाराखाली मिसिंग आणि आयडलला सगळं ठीक, असं दिसलं की नजर ठिणगीच्या वाटेकडे वळवावी.

आता चार नंबर कुठला? हा प्रश्न बाळबोध वाटतो आणि भल्याभल्यांना फसवतो. फोर्डच्या या इंजिनात पॅसेंजरच्या बाजूला पुढून मागे एक ते चार आणि ड्रायव्हरच्या बाजूला पाच ते आठ. म्हणजे चार नंबर पॅसेंजरकडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलला टेकलेला. शेव्हरोले आणि जीएमसीच्या व्ही-8 मध्ये ड्रायव्हरकडे विषम आकडे आणि पॅसेंजरकडे सम. तिथला चार नंबर पॅसेंजरकडचा पुढून दुसरा. शेव्हीचा व्हिडिओ पाहून फोर्डची कॉइल काढणारे महाभाग आहेत. त्यात भारतात गाडी चालवायला शिकलेल्याच्या डोक्यात ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो, तो गोंधळ निराळाच. कोल्हापूरच्या नातेवाइकाला फोन लावूनही उपयोग नव्हता. त्याच्या डिझेल पिकअपला स्पार्क प्लगच नाही. तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं, ठिणगीची भानगडच नसते.

जागा पक्की झाल्यावर त्यांनी अदलाबदल केली. चार नंबरची कॉइल दोनला, दोनची चारला. या इंजिनावर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, 7 मिलिमीटरच्या एका बोल्टने धरलेली. कनेक्टरचा प्लॅस्टिकचा खटका इतक्या वर्षांनी ठिसूळ झालेला असतो, तो दाबून हळू ओढायचा, नाहीतर तुकडा हातात येतो. मग कोड पुसून त्याच वेगाने, तेवढंच ओझं घालून गाडी चालवायची. पी0302 आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी0304 च राहिला तर कॉइल निर्दोष. पैसा न लागणारी ही चाचणी गॅरेजने का केली नाही, याचं उत्तर बहुधा वेळेत आहे: मागच्या कॉइलपर्यंत हात पोचायला बोटं सोलून निघतात.

कोड पी0304 च आला.

मग टॉर्च लावून प्लगच्या खोबणीत पाहिलं. ही खोबण म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधली खोल अरुंद विहीर आणि तळाशी प्लग. तळाला पाण्याचा थर चमकत होता, काठावर वाळलेल्या कूलंटची हिरवट पांढरी खपली, आणि वास गोडसर. कॉइलच्या रबरी बुटाच्या आत बारीक राखाडी रेघ उमटलेली, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तिचीच जुळी काळी रेघ. वीज याच रेघेवरून जमिनीत, म्हणजे हेडमध्ये, उतरत होती. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर हीटरकडे जाणाऱ्या नळीचा सांधा आहे. वीसेक वर्षं इंजिनाची धग खाल्लेलं रबर कडक झालं होतं आणि तापल्यावर थेंबथेंब गळत होतं. जोडीला काचेखालच्या पन्हळीतून पावसाचं पाणीही त्याच बाजूला उतरतं. या इंजिनांची माहिती असलेला मेकॅनिक चार नंबरचा कोड ऐकला की आधी तिथेच हात फिरवतो.

नवी कॉइल थोडे दिवस का टिकली, हेही यातून उलगडलं. नवा बूट आला, पण प्लग जुनाच राहिला. कार्बनची रेघ एकदा उमटली की ती पुसून जात नाही, आणि जुन्या प्लगवरची रेघ नव्या बुटालाही तशीच जाळते. प्लग आणि बूट बदलायचे तर दोन्ही बरोबर. बूट आणि आतली स्प्रिंग वेगळी विकत मिळतात, त्यासाठी अख्खी कॉइल घ्यायची गरज नाही. बुटाच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवावं. आणि सगळ्यात आधी गळती बंद करावी.

प्लग काढताना या ट्रायटन इंजिनांशी जपून वागावं लागतं. इंजिन पूर्ण थंड हवं. विहीर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ आणि कोरडी करायची, नाहीतर प्लग निघताच सगळी घाण सिलिंडरमध्ये. 2003 पर्यंतच्या दोन व्हॉल्व्हच्या कित्येक हेडांत प्लगला धरणारे आटे मोजकेच असतात आणि प्लग उडून बाहेर आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून नवा प्लग हाताने, रबरी नळीच्या टोकात धरून पहिले आटे लावायचा आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलातल्या आकड्याइतकाच आवळायचा. 2004 ते 2008 च्या तीन व्हॉल्व्हच्या 5.4 मध्ये दुखणं उलटं. तिथला लांबट प्लग दोन भागांचा, खालचा भाग कार्बनने हेडमध्ये चिकटून तुटतो. तो कसा काढायचा यावर कंपनीला वेगळी तांत्रिक सूचना काढावी लागली. ते काम घरी न केलेलं बरं.

आपल्याकडची एक जुनी सवय मात्र इथे सोडायला हवी: चालू इंजिनात प्लगची टोपी उपटून, स्क्रू ड्रायव्हर अडकवून ‘करंट येतोय का’ बघण्याची. या कॉइली हजारो व्होल्ट देतात. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि कॉम्प्युटरमधला तिचा ड्रायव्हर दोन्ही मरू शकतात, माणसाला झटका बसतो तो वेगळा. थोडक्या डॉलरांत स्पार्क टेस्टर मिळतो.

डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग वायरी असलेल्या गाड्यांचं तंत्र वेगळं. रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींवर स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारला की जिथे इन्सुलेशन गेलंय तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. 1996 ते 2000 च्या 5.7 व्होर्टेक इंजिनाच्या शेव्ही पिकअपमध्ये पी1345, म्हणजे क्रँक आणि कॅमची जुळणी चुकल्याचा कोड, येतो तेव्हा लोक जुन्या वळणाने डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग लावायला जातात. त्यात ठिणगीचं टायमिंग क्रँक सेन्सरवरून ठरतं. डिस्ट्रिब्यूटर फिरवल्याने फक्त रोटर आणि कॅम सेन्सरची जुळणी बदलते. ती जुळणी कॅम रिटार्डचा आकडा दाखवणाऱ्या स्कॅनरवर, दोन अंशांच्या आत लावायची असते. कानाने ते जमत नाही.

1995 च्या आधीच्या जनरल मोटर्सच्या पिकअपना स्कॅनरही लागत नाही. डॅशखालच्या सॉकेटमध्ये ए आणि बी या दोन खाचा तारेने जोडायच्या, चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही. दिवा आधी 12 हा आकडा तीनदा लुकलुकवतो, म्हणजे यंत्रणा बोलायला तयार आहे. मग साठवलेले कोड. 42 आला तर इलेक्ट्रॉनिक स्पार्क टायमिंगच्या सर्किटकडे बघायचं. त्या काळातल्या फोर्डमध्ये डिस्ट्रिब्यूटरला चिकटलेलं इग्निशन मॉड्यूल तापून बंद पडायचं, थंड झालं की पुन्हा गाडी चालू. टेबलावर थंड अवस्थेत तपासलं तर ते पास व्हायचं. 2000 साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने या मॉड्यूलपायी गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी तो वाद तडजोडीने मिटला. तापल्यावरच येणारा दोष तापलेल्या अवस्थेतच तपासायचा, एवढं त्या मॉड्यूलने मेकॅनिकांना शिकवलं.

ह्यूस्टनच्या पिकअपला शेवटी नळीचा सांधा, एक प्लग आणि एक बूट लागला. दोन नंबरवर गेलेली कॉइल अजून तिथेच काम करते आहे. राहिली होती धुराची तपासणी. ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहरांभोवतालच्या काउंट्यांत टेक्सास सरकार 24 वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना ती लावतं. कोड पुसला की कॉम्प्युटरच्या आतल्या चाचण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्याही कोऱ्या होतात, आणि त्या पूर्ण झालेल्या नसतील तर दिवा विझलेला असूनही गाडी नापास होते. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री कोड पुसू नये. काही दिवस गाडी थंड अवस्थेतून चालू करून, थोडी गावात, थोडी फ्रीवेवर एका वेगाने चालवावी. पेट्रोलची टाकी या काळात काठोकाठ भरू नये आणि तळालाही जाऊ देऊ नये, कारण इंधनाच्या वाफेची चाचणी त्या दोन्ही टोकांना सुरूच होत नाही.