लेखणीचे लाकूड : गोंदिया जिल्ह्यातील वनसंपदेचा एक उपेक्षित उपयोग

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला वसलेला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धान, तलाव आणि वन ही या जिल्ह्याची ओळख होय. येथील वनांत उन्हाळ्याच्या तोंडावर हजारो हात तेंदूची पाने तोडण्यात गुंतलेले असतात. तेंदू म्हणजे विडीचे पान, एवढाच या झाडाचा परिचय सर्वसामान्यांना आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात पानाचा उल्लेख नाही. 'मेलॅनॉक्सिलॉन' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'काळे लाकूड' असा आहे. जुन्या तेंदूच्या खोडातील गाभा काळाभोर, जड व गुळगुळीत असतो. आबनूस म्हणून जगभर नावाजलेल्या लाकडांच्या कुळातीलच हे झाड आहे.

हाताने घडविलेल्या लेखण्या व पेन्सिली यांना आज देशात आणि परदेशात मागणी आहे. अशा वस्तूंसाठी कोणते लाकूड योग्य, ते कोठून मिळावे आणि ते मिळविताना कायद्याची कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार वनव्याप्त जिल्ह्यातील ग्रामसभा, शिक्षक व कारागीर यांनी करणे उपयुक्त ठरेल.

लेखणीचे लाकूड आणि पेन्सिलीचे लाकूड

ही दोन लाकडे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. पेन्सिलीचे लाकूड मऊ, हलके, सरळ रेषांचे व एकसारख्या पोताचे हवे. चाकूने किंवा टोकयंत्राने तासताना त्याची ढलपी न निघता पातळ सालपट निघावे, आतील शिसे मोडू नये, ही त्याची कसोटी. लेखणीचे लाकूड मात्र घट्ट, जड, सूक्ष्म छिद्रांचे आणि कातकामाला सोसणारे असावे. हाताच्या घामाने ते फुगू नये व रोजच्या वापराने त्याची झिलई वाढावी.

'शिसपेन्सिल' या नावात शिसे असले तरी तिच्यात शिसे हा धातू नसतो. इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात सापडलेले ग्रॅफाइट प्रारंभी शिशाचाच प्रकार समजले गेले, त्यामुळे हे नाव रूढ झाले. 1795 मध्ये फ्रान्समध्ये काँते यांनी ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती एकत्र भाजून कांडी तयार करण्याची रीत काढली. मातीचे प्रमाण वाढविले की कांडी कठीण होते, कमी केले की मऊ व काळी होते. आजही हीच रीत प्रचलित आहे.

परदेशी लाकडे

पेन्सिलीसाठी अमेरिकेतील तांबडा सीडर हे लाकूड दीर्घकाळ सर्वोत्तम मानले गेले. त्याची वने विरळ होताच कॅलिफोर्नियातील धूप-सीडरने त्याची जागा घेतली. भारतात देवदार व हिमालयातील ज्युनिपर यांचा वापर झाला, परंतु ही झाडे सावकाश वाढतात. पुढे पॉप्लर या जलद वाढणाऱ्या झाडाकडे कारखानदारी वळली. काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातील ऊखू हे गाव पेन्सिलीच्या पट्ट्या पुरविणारे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. शेतकऱ्याने बांधावर लावलेले झाड, गावातच काढलेल्या पट्ट्या आणि दूरच्या कारखान्यात तयार होणारी पेन्सिल, अशी ही साखळी आहे. कच्चा माल लागवडीतून येतो, वनातून नव्हे, हा या उदाहरणातील मुख्य धडा होय.

लेखणीसाठी आफ्रिकी काळे लाकूड, मध्य अमेरिकेतील कोकोबोलो, जांभळ्या रंगाचे पर्पलहार्ट आणि ऑलिव्ह ही लाकडे कारागीर पसंत करतात. आफ्रिकी काळ्या लाकडाचे घनफुटी वजन इतके असते की ते पाण्यात बुडते. त्याच्याही शास्त्रीय नावात तेंदूप्रमाणेच 'मेलॅनॉक्सिलॉन' हा शब्द आहे. काळे लाकूड व कोकोबोलो ही दोन्ही आपल्या शिसमाच्या कुळातील आहेत. बेसुमार तोडीमुळे 2017 पासून या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करण्यात आला आहे. तयार वस्तूंना एका पाठवणीत दहा किलोग्रॅम लाकडापर्यंत सवलत असली, तरी निर्यातीपूर्वी लाकडाच्या कायदेशीर उगमाचा पुरावा जवळ असणे आवश्यक ठरते. जी लाकडे समुद्रापलीकडून मागवावी लागतात, त्यांच्या तोडीची लाकडे गोंदियाच्या परिसरात आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जिल्ह्यातील लाकडे

जिल्ह्याची वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. त्यांतील पुढील लाकडे या कामाच्या दृष्टीने विचारात घेता येतील.

शिसम : जांभळट तपकिरी रंग व गडद रेषा. वजन घनमीटरला सुमारे 850 किलोग्रॅम. कातकामास उत्तम. याची धूळ श्वसनास अपायकारक असल्याने तोंडावर फडके बांधावे.

बीजा : पिवळसर तपकिरी, टिकाऊ. ओलसर असता याचा डाग हाताला व कापडाला लागतो, म्हणून लेखणीवर लेप देणे आवश्यक.

साग : सुबक व स्थिर, परंतु अंगी तेल असल्याने डिंक नीट धरत नाही. चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा. लाकडातील सिलिका हत्यारांची धार लवकर बोथट करते.

हलदू : पिवळे, सूक्ष्म पोताचे, रेषांचा गोंगाट नसलेले. टाकाचे दांडे, फुटपट्ट्या व फण्या यांसाठी पूर्वीपासून वापरात आहे. नवशिक्या कारागिरास हेच लाकूड प्रथम द्यावे.

कळंब : हलदूच्या जवळचे, मध्यम कठीण. फणी व कातकामाचे लाकूड.

काळा कुडा : पांढरे, हस्तिदंतासारखे. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी याच झाडाच्या लाकडाची असतात.

शिवण : हलके, फिकट, वाकडे न होणारे आणि जलद वाढणारे. हाताने पेन्सिली करण्यास जिल्ह्यातील लाकडांत हे अधिक सोयीचे.

तेंदू : काळा गाभा दुर्मीळ व आकाराने लहान. पानांसाठी झुडपे दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत छाटली जातात. ज्या झाडाचे पान घ्यावयाचे त्याचा गाभा काळा होण्याइतके ते वाढतच नाही. पानावर हजारो कुटुंबांचा हंगामी रोजगार अवलंबून असल्याने तेंदूच्या लाकडाचा मोह टाळणेच योग्य. वठलेले किंवा वादळात पडलेले जुने झाड रीतसर मिळाले, तरच त्याचा उपयोग करावा.

सप्तपर्णी किंवा सातवीण या झाडाचा उल्लेख शिक्षकांसाठी करणे उचित होईल. याच्या शास्त्रीय नावातील 'स्कोलॅरिस' हा शब्द विद्यार्थ्यांशी निगडित आहे. या हलक्या लाकडाच्या पाट्यांवर पूर्वी मुले अक्षरे गिरवीत असत.

किती लाकूड लागते

या व्यवसायाचे बळ त्याला लागणाऱ्या अत्यल्प लाकडात आहे. एका लेखणीसाठी 20 मिलिमीटर जाडी-रुंदीचा व 130 मिलिमीटर लांबीचा ठोकळा पुरतो. म्हणजे 52 घनसेंटिमीटर लाकूड. एका घनमीटरात असे सुमारे 19,000 ठोकळे हिशेबाने बसतात. करवतीची फट, गाठी व भेगा यांत निम्मे लाकूड वाया गेले तरी 9,000 हून अधिक लेखण्या निघू शकतात. पलंग किंवा दरवाजा करताना उरलेले तुकडे, जे चुलीत जातात, तेच या कामाचा कच्चा माल होत. तेव्हा वृक्षतोड वाढविण्याचे कोणतेही कारण या व्यवसायात नाही.

घडविण्याची रीत

ओले लाकूड हे अपयशाचे पहिले कारण. ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ते सावलीत, हवेशीर जागी, मध्ये काड्या ठेवून रचावेत. दर आठवड्यास एका ठोकळ्याचे वजन करून नोंदवावे. वजन घटणे थांबले की लाकूड वाळले. पावसाळ्यात ते पुन्हा ओल धरते, म्हणून कातकाम धान कापणीनंतर कोरड्या महिन्यांत करणे श्रेयस्कर.

वाळलेल्या ठोकळ्यास मधोमध भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटविली जाते. नंतर ठोकळा लेथ यंत्रावर चढवून पटाशीने गोल केला जातो, पॉलिश-कागदाने घासला जातो व शेवटी लेप दिला जातो. पळस व कुसुम या झाडांवर येणारी लाख शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळविली, की उत्तम लेप तयार होतो. लाकडाबरोबर लेपही वनातलाच, हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य ठरू शकते.

पेन्सिलीसाठी दोन पातळ पट्ट्यांत अर्धगोल खाचा पाडतात, एका पट्टीत शिसे बसवून दुसरी तिच्यावर चिकटवितात आणि घट्ट दाबून ठेवतात. डिंक सुकल्यावर पट्ट्या चिरून रंध्याने आकार देतात.

ज्या गावी यंत्र नाही तेथे बांबूपासून आरंभ करावा. बारीक बांबूचा नैसर्गिक पोकळ पेरा लेखणीच्या नळीस सोयीचा असतो. बोरू व टाक वापरणाऱ्या पिढ्यांना ही लेखणी परकी वाटणार नाही. बांबूतील पिठूळ अंशामुळे त्यास भुंगा लागतो. यासाठी बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणात तो भिजवून वाळवावा.

कायद्याची मर्यादा

वनहक्क अधिनियम, 2006 अन्वये गौण वनोपजावर ग्रामसभांना हक्क मिळतो. बांबू, झुडपी लाकूड, खुंट, लाख व तेंदूपाने यांचा त्यात समावेश आहे. इमारती लाकूड मात्र गौण वनोपज नव्हे. हा भेद प्रत्येक पंचायत सदस्याने स्पष्ट समजून घ्यावा. बांबूच्या लेखणीसाठी ग्रामसभेस जो मार्ग खुला आहे, तो सागाच्या उभ्या झाडासाठी खुला नाही. सागाचे, शिसमाचे किंवा बीजाचे लाकूड वन विभागाच्या किंवा वन विकास महामंडळाच्या आगारातून लिलावाने घ्यावे आणि पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा.

शेतातील झाडांनाही मर्यादा आहे. साग, बीजा, हलदू, तिवस, ऐन, खैर, मोह इत्यादी झाडे 1964 च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या कक्षेत येतात. मालकीची असली तरी परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. यांत्रिक आरा बसविण्यापूर्वी वन विभागाचा परवाना घेणे आवश्यक आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये घोषित झाला आहे. त्याच्या संरक्षित क्षेत्रातून लाकूड आणण्याचा विचारही करू नये. बेकायदा लाकडाची एक लेखणी संपूर्ण गावाच्या मालावर संशय आणते, आणि तो संशय दूर होण्यास वर्षे लागतात.

ग्रामसभा व शाळा यांचे कार्य

प्रारंभ लहान असावा. गावातील सुतार व बुरूड कारागीर कोण, त्यांच्याकडे कोणते लाकडी तुकडे वाया जातात, याची यादी ग्रामपंचायतीने करावी. कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी परिसरातील लाकडांचे छोटे नमुने जमवून त्यावर झाडाचे स्थानिक व शास्त्रीय नाव लिहावे. पाणी टाकून, नखाने ओरखडून, चाकूने तासून त्यांचे गुण तपासण्याची सवय मुलांना लागली, तर वनाचे ज्ञान पाठांतराचे न राहता अनुभवाचे होईल.

धानाच्या धुऱ्यांवर व तलावांच्या पाळीवर शिवण आणि शिसम यांची लागवड हे दुसरे कार्य. शिवण काही वर्षांतच उपयोगी पडेल. शिसमास मात्र एक पिढी लागेल. आज ते रोप लावणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या लाकडाची लेखणी हाती धरता येईलच असे नाही. तथापि त्याच्या नातवाने शाळेत लिहिलेले पहिले अक्षर त्याच झाडाच्या लेखणीतून उमटावे, एवढी दूरदृष्टी गावाने ठेवली, तर या व्यवसायाला कच्च्या मालाची चिंता राहणार नाही आणि त्यासाठी वनातील एकही झाड पाडावे लागणार नाही.