मर्तिकाच्या सामानाचं दुकान

गावी कुणी वारलं तर दुकानात जावं लागत नाही. बांबू कुणाच्या तरी बांधावरून येतो, मडकं कुंभार देतो, तिरडी बांधायला भाऊबंद असतात. खानदेशातून सुरतेला मागावर आलेल्या माणसाजवळ यातलं काहीच नव्हतं. भाड्याची खोली होती, आणि शेजारी बारा तासांच्या रात्रपाळीला गेलेला. म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बमरोलीतल्या किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला बांबू, कामट्या, सुतळी ठेवायला सुरुवात केली. हळूहळू किराणा सुटला, हे राहिलं. आता दुकान मी बघतो. त्यात शिकलो ते असं.

1. सामान काढण्याआधी एकच विचारायचं: "दादा, गावी नेणार की माती इथंच?" गावी न्यायचं तर गाडी, बर्फ आणि डॉक्टरांचा दाखला आधी; तिरडी तिकडे बांधतील. हल्ली बहुतेकांची माती इथंच होते, उमऱ्याच्या नाहीतर अश्विनीकुमारच्या स्मशानात. अस्थी मात्र तापीकाठच्या प्रकाशा गावी जातात, कारण खानदेशी माणसाची दक्षिण काशी तीच. तापी तिथून उकाईच्या धरणात येऊन पुढे सुरतेलाच येते, हे मी एकदा एका म्हाताऱ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते नदीचं झालं. आपण जायचं ते जायचंच."

2. आपल्याला रीत माहीत आहे असं समजू नये. पांडेसरा-बमरोलीच्या पट्ट्यात खानदेशी आहेत तसे गंजामचे उडिया आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. गुजराती घरात तिरडीला ननामी म्हणतात आणि तिला नारळ बांधतात. आपल्याकडेही सवाष्ण गेली तर हिरवी साडी आणि हळदकुंकू वेगळं काढावं लागतं. पुरुष यादी सांगतात ती अर्धी असते. घरातल्या एखाद्या वयस्कर बाईला विचारून या म्हणावं.

3. कापड सुतीच ठेवायचं. सगळ्या देशाला साड्या पुरवणाऱ्या शहरात हे सांगावं लागतं, कारण इथल्या मागांवर बहुतेक पॉलिएस्टर निघतं आणि ते जळताना वितळून चिकटतं. जन्मभर सुरतेचा माग चालवलेल्या माणसाच्या अंगावर आम्ही मालेगावचा कोरा तागा फाडून देतो.

4. कागदाचं रडण्याआधी बोलावं लागतं. कठोर वाटतं, पण 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. माणूस दवाखान्यात वारला तर तिथले लोक कागद करतात. घरी वारला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4-अ आणावा लागतो, आणि तो माती झाल्यावर मागायला गेलं की हेलपाटे. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहायचं. घरात हाक मारतात ते 'बापू' लिहून दिलं, तर पुढे बायकोला विम्याचे पैसे मिळेपर्यंत वर्ष जातं. आम्ही गल्ल्यात कोरा कागद ठेवतो. आधार बघून नाव मोठ्या अक्षरांत उतरवून देतो. त्याचे पैसे नाहीत.

5. खांदा विकायचा नाही, हा नानांचा नियम. माग सोडून आलेल्या कारागिराचा रोज बुडतो, त्यामुळे कधी कधी चार माणसंही जमत नाहीत. मग दुकानातून आम्ही जातो. 2022 साली दिल्लीच्या व्यापार मेळ्यात खांद्यापासून सगळा अंत्यविधी पैसे घेऊन करणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने सजवलेल्या तिरडीसह स्टॉल मांडला होता, त्यावर लोक खूप हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पोरं परदेशात आणि म्हातारा चौदाव्या मजल्यावर एकटा असेल, तर त्याने कुणाला बोलवायचं? नियम आमचा आहे, तो सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

6. मरणं वाढली म्हणजे धंदा वाढतो, असं लोकांना वाटतं. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, सुरतेच्या स्मशानांतल्या गॅसच्या भट्ट्या रात्रंदिवस चालून त्यांचे लोखंडी भाग वितळत होते. पालचं कित्येक वर्षं बंद असलेलं कैलास मोक्षधाम पुन्हा उघडावं लागलं. आमचे बांबू मात्र भिंतीला तसेच टेकून होते. देह दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये थेट भट्टीकडे जात होते. तिरडी नाही, मडकं नाही, घरची माणसं फाटकाबाहेर. तरी लोक दुकानात यायचे. कुणी नुसतं तुळशीपत्र मागायचं, कुणी विचारायचं की आता दहाव्याला काय करायचं असतं. मोबाइलवर भटजी जोडून देणं हेच त्या महिन्यातलं काम.

7. उधारी तेराव्याआधी मागायची नाही. बुडते थोडी.

8. गेल्या वर्षी मुलीने क्यूआर लावून घेतला, सोबत तो बोलणारा डबाही आला. पहिल्याच गिऱ्हाइकाने पैसे पाठवले, तर डबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हिंदीत रक्कम मिळाल्याचं सांगू लागला. समोरच्याच्या खांद्यावर अजून ओला टॉवेल होता. मुलीने तिथेच वायर ओढली. क्यूआर आहे, डबा कपाटात आहे, आणि पैसे आले की नाही ते आम्ही रात्री मोबाइलवर बघतो.