गुरुजींचं भाषण कापा!

रायपुरात आयुष्यभर मास्तरकी केली आणि निवृत्तीनंतर मित्रांना हाताशी धरून एक लघुपट केला. शाळेने ओवाळून टाकलेला सातवीतला मुलगा आणि त्याच्यापर्यंत पोहोचू पाहणारे गुरुजी, एवढीच गोष्ट. असं काही करू पाहणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. गुरुजींचं भाषण कापा.
अशा पटकथेत गुरुजी हमखास दोन पानं बोलतात आणि मुलगा ढसाढसा रडतो. वर्गात असं घडत नाही. या पोराने उपदेश घरीदारी पोटभर ऐकलेला असतो. त्याला नवी असते ती विचारपूस. काल का आला नाहीस? जेवलास का? एवढं विचारून गप्प बसणारे गुरुजी लिहायला अवघड, पण खरे वाटतात.

२. मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्या.
नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर याच रायपुरात जन्मले. ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याच्या गावकरी कलावंतांना हिंदी संवादांत बांधलं की ते आखडतात, हे त्यांना अनुभवातून उमगलं. १९७३ मध्ये रायपूरलाच त्यांनी नाचाचं शिबिर घेतलं. छत्तीसगढीत मोकळे सुटलेले हे कलावंत पुढे ‘चरणदास चोर’ या नाटकातून जगाने पाहिले. आमचा मुलगाही ‘मोला नइ आवय, गुरुजी’ (मला येत नाही) असंच म्हणतो. पुस्तकी हिंदीत मुकी राहणारी पोरं मधल्या सुट्टीत केवढी बोलतात, हे कुठल्याही मास्तरला ठाऊक असतं.

३. नुसती माफी नको, काम द्या.
सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) हा चित्रपट पुन्हा पाहा. मुलं प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी रंगवलेले देशमुख सर त्यांना नुसते पाठीशी घालत नाहीत. कष्टाने पैसे मिळवून नुकसान भरून देण्याची वाट दाखवतात. क्रीडादिनाआधी मैदानावर चुन्याच्या रेघा आखायचं काम मी वर्गातल्या सर्वांत दांडगट पोराला देत असे. रेघ वाकडी गेली की तो कुणी न सांगता पुसून पुन्हा आखायचा. लघुपटातला मधला प्रसंग तिथूनच आला.

४. छडीपेक्षा अपमान दाखवा.
शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. पडद्यावर छडी दिसली की प्रेक्षकाला खलनायक सापडतो आणि प्रेक्षक स्वतः सुटतो. ‘तुझ्याच्याने काय होणार?’ हे वाक्य मात्र आपणही कधी बोललोय, म्हणून ते बोचतं.

५. बालकलाकाराचे नियम पाळा.
मूल १४ वर्षांखालचं असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम वाचून घ्या. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त नाही. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. मुलाला घेऊन रायपूरच्या मे महिन्यात चित्रीकरणाचा हट्टही धरू नका. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग रिकामे मिळतात आणि ऊन सोसतं.

६. बदल छोटाच ठेवा.
पंधरा मिनिटांत मुलगा पहिला नंबर काढू लागला, तर कुणाचाच विश्वास बसणार नाही. आमच्या गोष्टीत बाप रायपूरच्या ‘उरला’ औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो, धाकट्या बहिणीची जबाबदारी मुलावर असते. शेवटी तो गृहपाठ न करताच शाळेत येतो. पण येतो. गुरुजींची कमाई तेवढीच, आणि ती पुष्कळ आहे.

७. आधी शिक्षकांना दाखवा.
महोत्सवाला धाडण्याआधी लघुपट एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीत लावा. तिथे टाळ्या कमी पडतात, वाद जास्त होतात. तो वाद होऊ द्या. आणि तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर कॅमेरा मिळेपर्यंत थांबू नका. ज्या पोराबद्दल हे वाचताना मनात नाव आलं, त्याला उद्या एखादं काम सोपवा.