नाकतोडा व हुमणीचा भुंगेरा : निरीक्षणपाठ

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास आहुपे, हातवीज या बाजूच्या रानात नवे गवत फुटून त्यावर नाकतोड्याची पिले उड्या मारू लागतात. खाली घोड व कुकडीच्या खोऱ्यांत पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेस हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून बांधावरील कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. शिक्षकबंधूंनी हा पाठ चित्रावरून न घेता याच दिवसांत प्रत्यक्ष घ्यावा.

दोन्ही कीटक काचेच्या बरणीत ठेवून तोंडास फडके बांधावे. सहा पाय व पाने कुरतडणारे तोंड हे साम्य मुले आपण होऊनच सांगतील. नाकतोड्याचे पुढचे पंख अरुंद व चिवट. भुंगेऱ्याचे कवचासारखे टणक, पाठीवर सरळ रेषेत मिटणारे. नाकतोड्याचे कान पोटाच्या बाजूस असतात, हे ऐकून मुलांस मोठी मौज वाटते.

खरा पाठ मात्र पुढेच आहे. नाकतोड्याचे पिलू शोधण्यास सांगावे. ते सहज सापडेल. रूप आईबापांचेच, फक्त पंख अपुरे. कात टाकीत टाकीत ते मोठे होते. मग भुंगेऱ्याचे पिलू मागावे. मुले लहान भुंगेरा शोधीत बसतील. तो मिळावयाचा नाही, कारण भुंगेरा एकदा बाहेर पडल्यावर वाढतच नाही. उसाची वा भुईमुगाची मुळे खाणारी, अर्धचंद्राकार वळलेली पांढरी अळी हेच त्याचे पिलू. पावसाळाभर मुळे खाऊन ती जमिनीत कोष करते व त्यातून निघालेला भुंगेरा पुढील पावसापर्यंत मातीतच राहतो.

मुलांच्या घरी ही अळी वैरीण म्हणून ठाऊक असते. झाडावरील भुंगेऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक मादीने अंडी घालण्यापूर्वीच्या त्या थोड्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत व रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत, हा सोपा उपाय. भुंगेरे उडून बांध ओलांडतात, म्हणून एकट्यादुकट्याने ते करून भागत नाही. साऱ्या गावाने मिळून करावे लागते. काम वडील माणसांनी करावे, मुलांनी वहीत तारीख व झाडाचे नाव टिपावे.

पाठ संपल्यावर नाकतोडा गवतात सोडून द्यावा. एक सूचना राहिली. याच दिवसांत भीमाशंकरच्या झाडीत लुकलुकणारा काजवा हाही भुंगेऱ्यांच्याच कुळातला. त्याची अळी गोगलगायी खाते. त्यास रॉकेलच्या डब्यात टाकू देऊ नये.