साथीची दवंडी आणि लोकांचा संशय

(पाठासाठीं वाचन : लेवीय १३:१–८, प्रेषितांचीं कृत्यें १७:१०–१२)

लेवीयाच्या तेराव्या अध्यायांतील याजकाचें काम मोठें अवघड होतें. मनुष्याच्या अंगावर पांढरा डाग दिसला, तर तें कुष्ठ आहे कीं साधा चट्टा, हें पहिल्या दिवशीं कळत नसे. म्हणून त्यानें त्या मनुष्यास सात दिवस कोंडून ठेवावें, मग पाहावें; संशय उरल्यास आणखी सात दिवस. डाग फिकट झाला व पसरला नाहीं, तर त्यास शुद्ध ठरवावें, आणि त्यानें वस्त्रें धुवावीं. चौदा दिवस व्यर्थ गेले म्हणून याजकास लबाड ठरविण्याची आज्ञा तेथें नाहीं. आणि डाग वाढला असतां तो लपविण्याची मोकळीक याजकासहि नाहीं.

हा अध्याय आज घेण्याचें कारण असें कीं, फ्ल्यूची साथ जाहीर झाली अथवा लस आली म्हणजे आमच्या मंडळ्यांतहि कुजबुज सुरू होते कीं, हा औषध विकणाऱ्यांचा धंदा आहे. असें बोलणाऱ्यास गप्प करणें उपदेशकांस सोपें. परंतु त्या संशयास कांहीं आधार आहे, व तो प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे.

अमेरिकेंत १९७६ सालच्या फेब्रुवारींत न्यू जर्सी येथील फोर्ट डिक्स छावणींत एक शिपाई नव्या स्वाइन फ्ल्यूनें मरण पावला. १९१८ सालीं ज्या तापानें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, तोच परत येतो कीं काय, अशी भीति पडली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं सर्व प्रजेस लस टोचण्याचें जाहीर केलें. ऑक्टोबरपासून सुमारें दहा आठवड्यांत चार कोटींहून अधिक लोकांनीं ती घेतली. साथ मात्र छावणीबाहेर पसरलीच नाहीं. उलट लस घेतलेल्यांपैकीं सुमारें लाखांत एकास हातपाय लुळे पाडणारा गियां-बारे नांवाचा विकार जडला, व डिसेंबरांत तें काम थांबविलें गेलें. लस तयार केली ही चूक नव्हे. ती साठवून ठेवून वाट पाहावी, असें डॉ. अल्बर्ट सेबिन यांनीं सुचविलें होतें. तें ऐकिलें गेलें नाहीं.

पुढें ११ जून २००९ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें जगव्यापी साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला भारतांतील पहिला मृत्यु पुण्यांत झाला. तोंडास रुमाल बांधलेलें तें पुणें पुष्कळांस आठवत असेल. भीति होती तितका तो ताप घातक ठरला नाहीं, म्हणून सर्वच लटकें होतें असें लोक म्हणूं लागले. प्रयोगशाळेंत सिद्ध झालेले मृत्यु सुमारें १८,५०० होते खरे. परंतु खेड्यांत मरणाऱ्याच्या घशांतील नमुना कोण घेतो? २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं काढलेला अंदाज दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंत जातो. तरी दोष होतेच. संघटनेच्या सल्लागार मंडळाचीं नांवें साथ संपेपर्यंत गुप्त राहिलीं. आणि फिनलंड व स्वीडन येथें एका लसीनंतर कांहीं मुलांस अनावर झोपेचा विकार जडला. त्या सरकारांनीं तो मान्य करून भरपाई दिली. आमच्या मतें, असें उघड मान्य केल्यानें विश्वास राहतो, झांकल्यानें नव्हे.

दरसालच्या लसीविषयीं दोन तक्रारी गांवोगांव ऐकूं येतात. टोचल्यामुळें फ्ल्यू झाला, ही एक. सुईनें टोचतात त्या लसींत जिवंत जंतु नसतो; दंड दुखतो, एखादा दिवस अंग कणकणतें, इतकेंच. टोचूनहि फ्ल्यू झाला, ही दुसरी. आणि ती खरी असूं शकते. हा विषाणु सारखा रूप पालटतो, म्हणून लस वरचेवर बदलावी लागते, व चांगल्या वर्षींहि ती शंभरांत चाळीस ते साठ जणांचाच आजार टाळते. परंतु वृद्ध, दमेकरी व गरोदर स्त्रिया यांच्या फुप्फुसांत हा ताप उतरतो, तेव्हां अर्धें संरक्षणहि थोडें नव्हे.

बिरुया येथील लोकांनीं पौलाचें बोलणें उत्सुकतेनें ऐकिलें, आणि दररोज शास्त्र तपासून पाहिलें. पुष्कळ जण तपासण्याच्या नांवाखालीं ऐकण्याचेंच टाळतात. उपदेशकांनीं ह्या आठवड्यांत घरोघरीं जातांना संशय घेणाऱ्यावर रागावूं नये. त्यानें काय ऐकिलें, कोणास काय झालें, हें विचारून घ्यावें. आणि घरांत दमेकरी, मधुमेही किंवा गरोदर बाई असल्यास, घरच्या मनुष्यास बरोबर घेऊन तेच प्रश्न आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढें मांडावे.