दोन डिस्क, ओळख क्रमांक एकच!

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या जनरल रजिस्टरला दोन मुलांचा नंबर चुकून एकच पडला तर? गुण एकाचे, दाखला दुसऱ्याचा. क्लोन केलेल्या डिस्कचं अगदी असंच होतं.

लिनक्समध्ये डिस्कचा एखादा भाग फॉरमॅट केला की तिथल्या फाइल सिस्टीमला यूयूआयडी नावाचा 128 बिटांचा ओळख क्रमांक मिळतो. दुसऱ्या डिस्कला योगायोगाने तोच मिळेल, ही शक्यता जवळजवळ नाहीच. पण 'डीडी' आज्ञेने डिस्क जशीच्या तशी उतरवली की क्रमांकही उतरतो, कारण तो डिस्कवरच लिहिलेला असतो. नक्कल करण्यात चूक काहीच नाही. घोळ होतो तो दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या की.

संगणक सुरू होताना 'एफएसटॅब' फाइलमधला क्रमांक बघून डिस्क शोधतो. त्याच क्रमांकाच्या दोन सापडल्या, तर कोणती हाती लागेल याचा नेम नाही. आणि स्क्रीनवर सूचना? बहुतेक वेळा एका शब्दाचीही नाही.

आमच्या लॅबमध्ये मी हेच केलं होतं. सुट्टीत जुनी डिस्क नवीवर उतरवली आणि दोन्ही आतच ठेवल्या. सगळं छान चाललंय म्हणून दोन आठवड्यांनी जुनी काढली, तर नववीच्या मुलांचे प्रकल्प गायब! ते सगळे दिवस काम जुन्याच डिस्कवर साठत होतं. ती मी पुसायला काढली होती, पण अजून पुसली नव्हती, म्हणून वाचलो.

एक्सएफएस ही फाइल सिस्टीम त्याच क्रमांकाची दुसरी डिस्क जोडायला सरळ नकार देते. लोक वैतागतात, मला मात्र तो शहाणपणा वाटतो. बीटीआरएफएसचा धोका सर्वांत मोठा. तिथे एक व्हॉल्यूम अनेक डिस्कवर पसरलेला असू शकतो आणि त्याचे भाग क्रमांकावरूनच ओळखले जातात. नक्कल मूळ समजली गेली तर माहितीच बिघडू शकते.

म्हणून क्लोन झाला की संगणक बंद करून एक डिस्क काढा, मगच तो सुरू करा. दोन्ही वापरायच्या असतील तर फक्त नक्कल जोडा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक चालू करा आणि तिचा क्रमांक बदला. एक्स्ट४ साठी 'ट्यून२एफएस', एक्सएफएससाठी 'एक्सएफएस अ‍ॅडमिन', बीटीआरएफएससाठी 'बीटीआरएफएस-ट्यून'. नकलेवरूनच संगणक सुरू करायचा असेल तर तिच्यावरची एफएसटॅब आणि बूटलोडरची नोंदही बदलावी लागते. ही शेवटची पायरी हमखास विसरते, आणि मग संगणक सुरूच होत नाही.